शिवेपर्यंत येणारा माणूस

"चाला, शिवेपरेंत येतो," असं म्हणून मामा दोन्ही हात पाठीमागे बांधत आणि तुमच्या डाव्या अंगाने चालायला लागत. तुम्ही हो म्हणालात की नाही, याची ते वाट बघत नसत. तुम्ही गाव सोडून निघाला आहात आणि त्यांच्या नजरेला पडला आहात, एवढं त्यांना पुरे होतं.

गाव लोणार तालुक्यातलं, बीबीपासून बरंच आत. नाव सांगत नाही, कारण सांगूनही तुम्हाला कळणार नाही. नकाशावर नाल्याचं नाव लिहायला जागा कमी पडली तेव्हा आमच्या गावाचं नाव गाळलं असावं, असा माझा जुना संशय आहे. तीसेक घरं, एक मारुती, एक विहार, दोन खोल्यांची शाळा, आणि त्या शाळेत मी. ग्रामपंचायत शेजारच्या मोठ्या गावासोबत गटात होती. म्हणजे सरपंच त्यांचा, पाण्याची टाकी त्यांची, आणि मतं मागायला मात्र आमच्या दारात. तरी सातबाऱ्यावर 'मौजे' म्हणून आमचं नाव वेगळं लागायचं. मामांच्या लेखी तेवढ्यावर सगळं भागत होतं. ज्याला स्वतःची शीव आहे ते गाव, मग ते केवढं का असेना, असा त्यांचा हिशेब.

मामा गवंडी होते. थोडी कोरडवाहू जमीन होती, पण गावातली निम्मी घरं त्यांच्या हातची. कुणाचे मामा म्हणाल तर सगळ्यांचेच. त्यांचं घर गावातलं शेवटचं, किंवा बाहेरून आलात तर पहिलं. त्यामुळे त्यांना चुकवून गावाबाहेर पडणं शक्यच नव्हतं. तसा प्रयत्न मी करून पाहिला आहे.

मी देऊळगाव राजाची. आठवडाभर गावात खोली घेऊन राहायचं आणि शनिवारी सकाळची शाळा सुटली की घरी निघायचं, असा माझा क्रम. गावापासून फाट्यापर्यंत चालत, तिथून ऑटोने बीबी आणि पुढे एसटी. पहिल्याच शनिवारी मी निघाले तेव्हा खांद्याला पर्स, एका हातात कपड्यांची बॅग, काखेत तपासायच्या वह्यांचा गठ्ठा आणि त्यात आणखी छत्री, असा माझा थाट होता. सिमेंटचे शिंतोडे उडालेला पायजमा घातलेला एक उंच माणूस शेवटच्या घरातून बाहेर आला, "चाला म्याडम, शिवेपरेंत येतो" म्हणाला आणि हात मागे बांधून केंद्रप्रमुख शाळा तपासायला आल्यासारखा माझ्यासोबत चालू लागला. मला वाटलं, आता निदान छत्री तरी घेईल. छत्री घेणं सोडा, माझा वह्यांचा गठ्ठा रस्त्यात सुटला तेव्हाही ते शांतपणे उभे राहिले आणि माझ्या सगळ्या वह्या गोळा करून होईपर्यंत बाजूच्या वावराकडे बघत राहिले. मला त्यांचा असा राग आला की विचारू नका.

शीव म्हणजे काय, तर पांदणीच्या कडेला हिवराच्या झाडाखाली उभा असलेला, एका बाजूला कललेला गुडघाभर उंचीचा दगड. दगडापाशी आलं की मामा थांबत. एक पाऊल पुढे नाही. "येजा मंग," म्हणजे 'परत या', एवढं म्हणत आणि तिथेच उभे राहत. तुम्ही फाट्याच्या वळणाला दिसेनासे होईपर्यंत ते हलत नसत. मी एकदा त्यांना म्हटलं, "मामा, एवढं आलात तर फाट्यापर्यंत तरी चला."

"ते त्यायचं गाव हाये ना म्याडम. तथून पुढं त्यायच्या मानसानं याव."

"पण त्यांचं तर कुणीच येत नाही."

"त्यायनं सोडलं. आपन काऊन सोडाव?"

आता खरी गोष्ट अशी की दोनेक महिन्यांत मला त्या शनिवारांची गोडी लागली. कारण चालता चालता मामा गाव सांगत. आपण ज्याला इतिहास म्हणतो तो नाही. उजव्या हाताला येईल ते वावर आणि डाव्या हाताला येईल ते वावर, असं चालण्याच्या ओघात जे येईल ते. पहिलं रडकं वावर. पावसाळा संपला तरी दिवाळीपर्यंत त्याच्या धुऱ्यातून, म्हणजे बांधातून, पाणी पाझरत राही, म्हणून रडकं. ते पाटलांच्या वाट्याचं. त्याच्या पुढे सासूचं वावर. कोणे एके काळी एक सासू त्या धुऱ्यावर बसून सुनांच्या कामावर डोळा ठेवी. सुनांनीही अशी अक्कल लढवली की तिच्या बाजूच्या ओळी त्यांनी तुरीच्या पेरल्या. तूर वाढली की सासूला काही दिसेना आणि सुना पलीकडे पाय पसरून बसत. ते वावर पुढे किती जणांनी घेतलं आणि किती जणांनी विकलं, पण नाव सासूचंच राहिलं. ही सासू नेमकी कुणाची, ते मामांनाही ठाऊक नव्हतं. "कोन्याही घरात जाऊन इचारा," ते म्हणत, "सगळे म्हनतात, आमची नोहे."

नाल्याच्या पलीकडे थोडा उंचवटा होता आणि त्यावर एकच कडुनिंब. ते जुनं गाव. कसलीशी साथ आली, माणसं पटापट गेली, तेव्हा उरलेली घरं भांडीकुंडी आणि गुरं घेऊन नाला ओलांडून अलीकडे आली. मारुतीला बैलगाडीत बसवून आणलं. तिकडे अजून नांगराला खापराचे तुकडे लागतात. मामा तिकडे बोट दाखवत नसत, नुसती मान वळवत.

"आपलं गाव उठून आलेलं हाये म्याडम," ते एकदा म्हणाले. "येका बारीले उठलं ना का मंग मानसायच्या पायाले जाची सवय लागते. म्हनून शिवेवर कोनीतरी उभं पायजे. मांगं कोनी उभं हाये हे ध्यानात राह्यलं का मानूस परत येते."

ते सगळ्यांना पोचवत. पंचमीला माहेरी निघालेल्या सुना, पुण्याला कंपनीत लागलेली पोरं, मतदान आटोपून निघालेले सरकारी कर्मचारी. कर्मचारी जीपमध्ये होते, म्हणून मामाही जीपमध्ये बसले, दगडापाशी ड्रायव्हरला थांबायला लावून उतरले आणि "येजा मंग" म्हणून पायी परत आले. एकदा बकरी चोरणारा सापडला. लोकांनी त्याला दोन ठेवून दिल्या, बकरी सोडवून घेतली आणि हाकलून दिलं. तो लंगडत निघाला तर मामा त्याच्याही डाव्या अंगाने चालतायत. गावात हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. "चोर असला म्हनून काय झालं," मामा म्हणाले, "जाऊन त आपल्याच गावातून राह्यला ना." फक्त त्याला ते "येजा मंग" म्हणाले नाहीत, एवढा फरक त्यांनी केला.

आणखी एक गोष्ट मी स्वतः पाहिली आहे. एका घरातली सून भांडून निघाली होती. डोक्यावर पदर, हातात पिशवी, आणि चाल अशी की धूळ उडावी. मामा उठले आणि तिच्यासोबत चालू लागले. समजूत घातली नाही, नवऱ्याची बाजू घेतली नाही. फक्त स्वतः हळू चालले. मोठ्या माणसाला मागे टाकून पुढे जाणं तिला बरं दिसेना, म्हणून तीही हळू झाली. रडकं वावर आलं, मामांनी त्याचं नाव सांगितलं. सासूचं वावर आलं, मामांनी ती तुरीची गोष्ट सांगितली. पोरगी तिथे धुऱ्यावर बसून आधी रडली आणि मग हसली. दगड यायच्या आत दोघं माघारी फिरली होती. मी शाळेच्या व्हरांड्यातून ते बघितलं, बोलणं मागाहून तिनेच सांगितलं, आणि पुढचा तास नीट शिकवू शकले नाही.

पण मामांच्या घरात हे कुणाला आवडायचं नाही, विशेषतः मुलाला. मुलगा पुण्याला इंजिनिअर. हुशार आणि मनाने चांगला, पण बापाच्या या सवयीचा विषय निघाला की त्याचा आवाज चढे. एका दिवाळीत मी फराळाला त्यांच्याकडे बसले होते, तेव्हाच कुणीतरी पाहुणे निघाले आणि मामा चहाचा कप ठेवून उठले.

"अप्पा, तुमी काऊन जाता लोकायच्या मांगं मांगं?" मुलगा म्हणाला. "तुमच्या आज्यानं वेसकरकी केली. धम्म घेतला तव्हा आपल्या लोकायनं ते काम थुकून सोडलं. आन तुमी हौसेनं करून राह्यले. लोक काय म्हनत असतील?"

मामा दारात थांबले. माझ्यासमोर बोलावं की नाही, असा क्षणभर विचार केला असावा. मग मुलाला नाही, मलाच सांगितल्यासारखं बोलले.

"माह्या आज्याले पाटलाच्या ओट्यावरून हाक याची. हाक आली का उठाचं, सायबाचं वझं डोक्शावर घ्याचं आन घोड्याच्या फुडं पयत शिवेपरेंत जाचं. जेवत असला तरी. आंगात ताप असला तरी." ते मुलाकडे वळले. "मले कोन हाक मारते? मी उठतो माह्या मनानं. वझं मी कोनाचंच उचलत नाही. आन फुडं पयत नाही, बराबरीनं चालतो. त्याले कोनी म्हने, चाल. मी म्हनतो, चाला. याच्यात फरक हाये का नाही?"

मुलगा म्हणाला, "तुमाले माईत हाये अप्पा. पाटलाले माईत हाये का?"

चप्पल पायात सरकवता सरकवता मामा एवढंच म्हणाले, "मी जाईन तव्हा कोन येते पोचवाले, ते पाहू. तव्हा कळंन."

त्या दिवशी मला माझ्या छत्रीचा आणि वह्यांच्या गठ्ठ्याचा उलगडा झाला. आणि तेव्हापासून मनात एक किडा वळवळायला लागला, की खरंच, मामा निघाले तर कोण येईल?

पाटील म्हणजे आबा. ज्या ओट्यावरून हाक जायची त्याच ओट्यावर ते बसत, हाक मारणाऱ्याचे नातू. आता हाका नव्हत्या, आबा मनाने दिलदार होते आणि मामांच्याच वयाचे. लहानपणी दोघं एकाच डोहात पोहायला शिकले होते. तरी आबांनी कधी कुणाला शिवेपर्यंत सोडल्याचं गावाला आठवत नव्हतं. ते नेहमी पोचवून घेणारे. मोटरसायकलवर बसत, मागाहून गुडघे गेले तेव्हा मुलाच्या गाडीत. निम्मं शिवार त्यांचं, पण त्यात ते पायी गेल्याला जमाना लोटला होता.

मग मामी गेल्या. शाळेची खिचडी त्या शिजवत, त्यामुळे माझंही घरचंच माणूस गेलं. मामांना एका डोळ्याने कमी दिसू लागलं होतं, तरी काही महिने त्यांनी रेटले. शेवटी मुलगा त्यांना पुण्याला न्यायला आला. योगायोगाने शनिवार होता. पांदण सिमेंटची करायला खणून ठेवलेली, म्हणून मुलाची गाडी फाट्यावरच उभी. तो बॅगा घेऊन पुढे गेला होता आणि मामांनी मागून सावकाश यायचं असं ठरलं होतं.

अख्खं गाव मामांच्या दारात जमलं. बायका पाया पडल्या, कुणी डबा दिला, कुणी डोळे पुसले, पोरांनी गलका केला. आणि मग सगळे दारातूनच मागे फिरले. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. त्या गावात निरोप दारात द्यायचा आणि दारापुढचं काम मामांचं, अशी सगळ्यांना इतकी सवय झाली होती की आज मामाच निघाले आहेत, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

मामा रस्त्यावर उभे राहिले. खांद्याला एक कापडी थैली. मी माझी बॅग उचलली आणि म्हटलं, "चला मामा, मी आहे ना. मी येते शिवेपर्यंत."

ते हसले. "तुमी त स्वताच चालल्या म्याडम. जानारं मानूस पोचवत नसते."

आम्ही निघालो. शाळेला कुलूप लावायचं राहिलं होतं, म्हणून आधी आत जाऊन आलो आणि मग गावातून शिवेकडे. मामांनी मागे वळून पाहिलं नाही, पण ते चालत होते त्या भांडून निघालेल्या सुनेसोबत चालले होते तसे, हळू. मुलगा म्हणाला होता तेच खरं ठरणार, असं मला वाटायला लागलं. पाटलांच्या ओट्याखालून जाताना मी मुद्दाम वर बघितलं नाही.

"थांब बे," मागून आवाज आला.

आबा ओट्यावरून उतरत होते. एक हात काठीवर आणि एक भिंतीवर ठेवून, आडवे होऊन, एकेक पायरी. खाली आल्यावर त्यांनी धाप टाकली आणि मामांच्या खांद्यावरच्या थैलीला हात घातला. "आन इकडं. शिवेपरेंत येतो."

मामांनी थैली सोडली नाही. म्हणाले, "आबा, याच्यात वझं नसते. नुसतं संगं चालाचं असते."

"मंग हातायचं काय करू?"

"मांगं बांधा."

आबांनी काठीसकट हात मागे बांधले. काठीशिवाय चालता येईना, म्हणून परत पुढे घेतले. शेवटी एक हात मागे आणि एक काठीवर, अशी तडजोड झाली. दोघं पुढे आणि मी मागे, असे आम्ही निघालो. ते काय बोलत होते ते मला नीट ऐकू आलं नाही. डोहाचं काहीतरी होतं आणि कुणाचे तरी पेरू चोरल्याचं. रडकं वावर गेलं, सासूचं वावर गेलं. हिवराचं झाड आलं, दगड आला, मामा थांबले. आबा थांबले नाहीत. खाली मान घालून, खड्डे चुकवत, एक हात पाठीशी धरून ते आपले चालतच राहिले आणि बोलतही राहिले. बऱ्याच अंतरावर गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की शेजारी कुणी नाही.

"काऊन थांबला बे?"

"शीव मांगं राह्यली आबा. तुमी दुसऱ्याच्या गावात उभे हा."

आबांनी वळून दगडाकडे पाहिलं. सगळं आयुष्य त्या दगडावरून गाडीने जाणाऱ्या माणसाला तो दगड जणू पहिल्यांदाच दिसत होता. "हे व्हय शीव?" ते म्हणाले. "मले कधी थांबाच लागलं नाही ना अथी."

मग ते परत आले, धाप टाकत, दगडाच्या अलीकडे. दोघं एकमेकांसमोर उभे राहिले. पुढे काय करायचं असतं ते आबांना ठाऊक नव्हतं आणि मामांना तर ही बाजूच नवीन होती.

"येजा मंग, म्हना," मामांनी सांगितलं.

"येजा मंग," आबा म्हणाले.

फाट्यावरून मुलगा हॉर्न वाजवत होता. मामा मात्र जागचे हलले नाहीत. "तुमी निंघा आबा. पांदन खनलेली हाये, मी अथून पाह्यतो." आणि ज्याला पोचवायचं तो शिवेवर उभा आणि पोचवायला आलेला घरी निघालेला, असं उलटंच झालं. वाट बघून मुलगा चालत दगडापर्यंत आला. आबांची पाठमोरी आकृती काठी टेकत चालली होती आणि त्याचा बाप हात मागे बांधून तिकडे बघत होता. या वेळी त्याने बापाला काही विचारलं नाही. आबा गावाच्या पहिल्या घराआड गेले तेव्हा मामांनी पाठ वळवली.

मामा परत आले नाहीत. पुण्यात ते सहाव्या मजल्यावर राहत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सोसायटीच्या फाटकापर्यंत सोडत, असं मुलाने फोनवर सांगितलं होतं. वॉचमन आधी हसला, मग तो खुर्ची सोडून उठून उभा राहू लागला. त्याच हिवाळ्यात ते तिथे वारले. मला त्यांची फार आठवण येते, आणि ती नेमकी शनिवारी दुपारी येते.

नंतर माझी बदली झाली. गावाने दारात निरोप दिला, पोरं रडली, मी रडले. मी निघाले तेव्हा आबा ओट्याखाली आधीच येऊन उभे होते.

"चाला म्याडम, शिवेपरेंत येतो."

एक हात काठीवर, एक मागे, असे ते माझ्या डाव्या अंगाने चालू लागले. नवीन सिमेंटच्या रस्त्यावर त्यांची काठी टकटक वाजत होती. बॅगेकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. थोडं पुढे गेल्यावर मला माहिती द्यावी म्हणून त्यांनी रडक्या वावराकडे मान वळवली आणि म्हणाले, "हे सासूचं वावर." ते वावर त्यांचं स्वतःचं होतं. मी म्हटलं, "हो का?"

हिवर अजून लांब दिसत होता तोच आबा थांबले. दगड पार पुढे होता. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"अथीच थांबतो," ते जरा लाजून म्हणाले. "मांगच्या बारीले मी जास्त फुडं गेल्तो. मामा बोलला होता."

मग त्यांनी काठीवर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाले, "येजा मंग."

तिथून दगडापर्यंतचा रस्ता मी एकटीच चालले. डावी बाजू मोकळी ठेवून.